आमच्या मुलींच्या वाट्याची रात्र



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की मंडळीतल्या प्रार्थनेच्या विनंत्या बदलतात. एरवी आजारपण, नोकरी, लग्न जमणे असे विषय असतात. जानेवारीपासून मात्र 'मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही', 'रात्रभर कूस बदलत राहते', 'पेपरचे नाव काढले की पोटात दुखते' अशा विनंत्या येऊ लागतात. आम्ही स्वयंसेवक त्या वहीत लिहून घेतो, रविवारी वाचून दाखवतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतो. ते करायलाच हवे. पण जे आपल्याच हातात आहे ते आपण या मुलींना देतो का? आमच्या मते देत नाही. आपण त्यांची झोप काढून घेतो आणि मग त्यांच्या गुणांसाठी प्रार्थना करतो.

डिंडोलीतली आपली बहुतेक घरे खानदेशातली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन उधना स्टेशनवर उतरलेल्या माणसांनी इथे एकेक खोली करत संसार उभे केले. घरात अहिराणी, चर्चमध्ये मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी. वडील लूमवर बारा तासांच्या पाळीला, कधी दिवसा तर कधी रात्री. आई घरी साड्यांना लेस लावते, धागे कापते, टिकल्या चिकटवते. माल परत द्यायची वेळ आली की मुलगीही गठ्ठ्याजवळ बसते.

आता तिची संध्याकाळ पाहा. शाळा, मग ट्यूशन, मग पाणी भरणे, भाकरी, धाकट्याचा अभ्यास. घरी प्रार्थनासभा असेल तर चटया घालणे, चहा, मग कपबश्या. साडेदहाला सगळे आडवे झाले की ती पुस्तक उघडते. साडेबाराला दिवा बंद होतो, पण डोक्यातला हिशोब चालूच राहतो. सकाळच्या पाळीची शाळा असेल तर साडेपाचला उठायचे. झोप झाली जेमतेम पाच तास. वर्गात पेंगली म्हणून बोलणी बसतात, गुण घसरतात, म्हणून ट्यूशनचा आणखी एक तास वाढतो. तो तास पुन्हा झोपेतूनच कापला जातो.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते. म्हणजे जागून केलेले पाठांतर सकाळपर्यंत टिकण्यासाठीही झोपच हवी. या वयात झोप आणणारे शरीरातले रसायन थोडे उशिरा स्रवू लागते, त्यामुळे रात्री लवकर डोळा लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. याला आपण आळस म्हणतो. वयात आल्यावर निद्रानाश आणि चिंता मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळतात. त्यात आपल्याकडे रक्त कमी असण्याची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. ज्या मुलीला जिना चढताना दम लागतो तिचे गणितात लक्ष लागत नाही, यात नवल काय?

आणि ही काळजी आपल्याच घरापुरती नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. पण आपल्या मुलींच्या चिंतेत आणखी एक गोष्ट असते, जी कुठल्याही अर्जात लिहिली जात नाही. मुलगा नापास झाला तर पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी नापास झाली तर घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. तिला हे ठाऊक असते. तिच्यासाठी तो फक्त गणिताचा पेपर नसतो, पुढे शिकायला मिळणार की नाही याचा निकाल असतो. अशा मुलीला झोप कशी लागावी?

अशा वेळी आपण काय म्हणतो? 'विश्वास ठेव, चिंता करणे हे पाप आहे.' पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय काढून दाखवतो. बंधूंनो, तो अध्याय नीट वाचा. पौल तुरुंगातून लिहीत होता. त्याने त्या मंडळीला दटावले नाही, जे मनात आहे ते देवाला सांगा असे म्हटले. आपण मात्र त्याच वचनाने मुलीचे तोंड बंद करतो. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला होता. त्याला कोणी कमी विश्वासाचा म्हणेल काय?

एलीयाचे पाहा. जिवाच्या भीतीने पळून तो रानात एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपला. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला पुन्हा खायला दिले. चाळीस दिवसांची वाट त्याला त्यानंतर चालता आली. थकलेल्या माणसाला देवाने आधी झोप आणि अन्न दिले, बोलणे नंतर केले. याईराच्या मुलीच्या घरीही तेच दिसते. ती बारा वर्षांची होती, आपल्या सातवीतल्या मुलींएवढी. प्रभूने रडणाऱ्या आणि हसणाऱ्या गर्दीला आधी बाहेर काढले, तिचा हात धरला, आणि ती उठल्यावर तिला खायला द्या असे सांगितले.

म्हणून आमच्या मंडळीपुढे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक मंडळीपुढे, आम्ही काही गोष्टी ठेवतो.

घरगुती प्रार्थनासभा रात्री नऊला संपावी. चहा आणि कपबश्यांचे काम तरुणांनी आणि मोठ्यांनी वाटून घ्यावे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना रात्रभराच्या प्रार्थनेला बसवू नये. यावर कोणी म्हणेल की जागरणाने मुलांत भक्ती येते. आमचे उत्तर असे की बागेत प्रभूने जागे राहायला सांगितले ते मोठ्या माणसांना. मुलांसाठी जागायचे असेल तर आपण जागू या. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही असे स्तोत्रकर्ता सांगतो. तो जागा आहे म्हणूनच तर लेकराने निश्चिंत झोपावे.

घरात, मुलीला अभ्यासाला रात्रीचे उरलेले तास न देता संध्याकाळचा वेळ द्यावा. पाणी भरणे आणि धाकट्यांना सांभाळणे भावालाही जमते. परीक्षेच्या महिन्यात लेस-धाग्याचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवू नये. त्या महिन्यात घरात थोडे पैसे कमी येतील हे आम्ही जाणतो. ज्या घराला ते अगदीच झेपणार नाही, त्या घराला मंडळीने गुपचूप हात द्यावा, दानपेटी त्यासाठीच आहे. झोपताना घरातले सगळे मोबाईल एका जागी ठेवावेत, आईबाबांचेही. चर्चची खोली संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडी ठेवता येईल. आणि निकाल काहीही लागला तरी तुझी शाळा सुटणार नाही, हे वडिलांनी परीक्षेआधीच तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे. आमच्या मते त्या एका वाक्याने तिला जेवढी झोप लागेल तेवढी दुसऱ्या कशाने लागणार नाही.

काही मुलींना एवढे पुरणार नाही. दोन-तीन आठवडे झोप नीट लागत नसेल, जेवण तुटले असेल, शाळेला जायची वेळ झाली की छातीत धडधडत असेल, ती कोणाशी बोलेनाशी झाली असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेत. स्मीमेर आणि नवी सिव्हिल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि त्यावर आपल्या भाषेत बोलता येते. जगण्याचा कंटाळा आल्याचे ती बोलली, थट्टेत जरी बोलली, तरी तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. लूक स्वतः वैद्य होता. दवाखान्यात गेल्याने विश्वास उणा होत नाही.

हे प्रभू, तू तारवात वादळातही झोपलास. आमच्या मुलींना तशी शांत झोप दे. आणि त्यांच्या झोपेआड येणारे जे आमच्याच घरात आणि मंडळीत आहे, ते दूर करण्याची सुबुद्धी आम्हां मोठ्यांना दे. आमेन.