संगणकाशी गट्टी : थांबा, संपादकांना बोलावू या!

मित्रांनो, संपादक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? नाकावर चष्मा आणि हातात लाल पेन घेऊन बसलेले या अंकाचे संपादक! पण संगणकातही एक संपादक असतो, बरं का. आज त्याला हाक कशी मारायची ते पाहू.

लिनक्स असलेल्या संगणकावर 'टर्मिनल'ची खिडकी उघडली, की एक छोटी खूण दिसते आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकतो. ही खूण म्हणजे प्रॉम्प्ट. 'बोला, काय करू?' असंच जणू ती विचारते. आपली आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम बहुधा 'बॅश' असतो. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम 1989 साली आला. तो फार आज्ञाधारक आहे. एंटर दाबलं की काम सुरू! 'नक्की ना?' असं सहसा विचारत नाही. गोची तिथेच आहे.

समजा, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो एका फोल्डरात आहेत. त्यातल्या '.बॅक' अशी शेपटी असलेल्या जुन्या फाइली तुम्हाला काढायच्या आहेत. त्यासाठी आज्ञा आहे 'आरएम *.बॅक'. (टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची.) आरएम म्हणजे पुसून टाक आणि * म्हणजे कुठलंही नाव. पण घाईघाईत चांदणीनंतर एक जागा सुटली आणि झालं 'आरएम * .बॅक', तर? बॅशला त्याचा अर्थ कळतो, 'सगळ्या फाइली पूस, शिवाय .बॅक नावाचीही पूस.' आजीचे सगळे फोटो साफ! ते कचरापेटीतही सापडत नाहीत.

आज्ञा छोटी असेल तर अशी चूक दिसते तरी. पण ती दोन-तीन ओळी लांबली, की बाणाच्या कळा दाबून दाबून बोटं दुखतात आणि नजर चुकते. अशा वेळी संपादकाला बोलवायचं.

आधी कुठला संपादक हवा ते सांगा : 'एक्स्पोर्ट व्हिज्युअल=नॅनो'. यातलं 'व्हिज्युअल' मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि = च्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. 'नॅनो' हा नवशिक्यांना सोपा संपादक आहे. (ही सूचना त्या खिडकीपुरतीच टिकते.) आता आज्ञा टाइप करा, पण एंटर दाबू नका. कंट्रोल कळ दाबून धरा, आधी एक्स दाबा, मग ई. तुमची अर्धवट आज्ञा नॅनोमध्ये उघडेल. तिथे निवांत वाचा, दुरुस्त करा. कंट्रोल आणि एक्स दाबलं, की तो 'साठवू का?' असं विचारेल. वाय दाबा, मग एंटर.

आता नीट लक्ष द्या हं! संपादकातून बाहेर पडताच आज्ञा लगेच चालते. 'साठवू नको' म्हणून एन दाबलंत, तरी मूळची आज्ञा चालतेच! बेत रद्द करायचा असेल तर कंट्रोल आणि के दाबून सगळ्या ओळी काढून टाका, रिकामी फाइल साठवा आणि मग बाहेर पडा.

आणखी एक युक्ती. संपादकात 'आरएम'च्या जागी आधी 'एलएस' लिहा. एलएस काहीच पुसत नाही, नुसती यादी दाखवतो. यादीत आजीचे फोटो दिसले, तर समजा, कुठेतरी जागा सुटली आहे! यादी बरोबर असेल, तर वरच्या बाणाने तीच आज्ञा परत आणा आणि एलएसचं आरएम करा.

आमचे संपादक माझ्या लेखातल्या चुका शोधून काढतात. नॅनो तसं करत नाही. तो तुम्हाला फक्त ऐसपैस जागा आणि क्षणभर उसंत देतो. चूक शोधायची ती तुमच्याच डोळ्यांनी.

करून पाहा : 'एको आई बाबा' असं इंग्रजी अक्षरांत लिहून संपादकाला बोलवा, त्यात आजीचं नाव घाला आणि बाहेर पडा. एको नुसतं आपलं म्हणणं परत उच्चारतो, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही. पालकहो, पहिल्या खेपेला तुम्हीही शेजारी बसा. आणि आरएमला हात लावण्याआधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवाच!