‘मुखेड’ हे नाव ‘व्हीआय’ला का वाचता येत नव्हते?

मुखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नाव तीन अक्षरी. संगणकाच्या हिशेबात मात्र त्याचे घटक पाच होतात: म, उकार, ख, मात्रा आणि ड. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे २०४, २२१, १८०, २२५ आणि १९१ असे आहेत. पाचही क्रमांक १२७ च्या वरचे. खालची १२८ घरे रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांनी आधीच व्यापलेली होती, म्हणून भारतीय लिप्यांना वरच्या मजल्यावर बिऱ्हाड मिळाले. त्या मजल्याचा जिना म्हणजे बाइटमधील आठवा बिट. धागा थोडा लांब आहे, पण सारी कथा या एका बिटाभोवतीच फिरते.

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत ‘एक्स’ नावाचा टेक्स्ट एडिटर लिहावयास घेतला. ‘व्हीआय’ हे त्याचेच पडदाभर दिसणारे रूप. १९७९ च्या दुसऱ्या बीएसडी वितरणातून तो सर्वत्र पोहोचला. त्याच्या सोर्स कोडमध्ये आठवा बिट खुणेसाठी राखून ठेवलेला होता. अमुक अक्षर शब्दशः घ्यावयाचे की त्याला विशेष अर्थ आहे, हे त्या बिटावरून ठरे. साहजिकच बाहेरून येणाऱ्या मजकुरात तो बिट असून चालणार नव्हता. फाइल वाचतानाच तो छाटला जाई, आणि अशी किती अक्षरे आढळली याचा आकडा तेवढा पडद्याच्या तळाशी उमटे.

त्या व्हीआयपुढे इस्कीतील ‘मुखेड’ ठेवले तर काय होईल, हे कागदावर मांडता येते. प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा करावे: ७६, ९३, ५२, ९७, ६३. पडद्यावर दिसेल रोमन थोरला एल, मिटता चौकोनी कंस, चाराचा आकडा, धाकटा ए आणि शेवटी प्रश्नचिन्ह. ‘ड’चे प्रश्नचिन्ह व्हावे, यावर वेगळे भाष्य नको. त्यात कोणी भाबडेपणाने फाइल जतन केली, की मूळ मजकूर गेलाच.

जॉय यांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. पीडीपी-११ या यंत्रावर पत्ते १६ बिटांचे. एका प्रोग्रामला ६४ किलोबाइट, सूचना आणि विदा वेगळे ठेवण्याची सोय असलेल्या यंत्रावर फार तर त्याच्या दुप्पट जागा मिळे. तेवढ्यात संपूर्ण एडिटर बसवावयाचा, तर रिकामा दिसलेला बिट कोण वाया घालवील? आस्की ही सात बिटांचीच प्रणाली होती. आठवा बिट मोकळाच होता. मोकळा म्हणजे इंग्रजीला नको असलेला.

येथे कॉन्फिगर करण्याचा प्रश्न येतो. त्या काळी एडिटर तयार स्थितीत मिळत नसे. सोर्स आणून यंत्राप्रमाणे बेतावा लागे. १९८० च्या दशकातील जीएनयू ईमॅक्स घेतला, तर नमुन्याची एक हेडर फाइल उतरवून तिच्यात दोन नावे भरावी लागत: एक युनिक्सच्या जातीचे, दुसरे यंत्राचे. एका फाइलीत सिस्टिम फाइव्हचे रीतिरिवाज, दुसरीत व्हॅक्सचे स्वभावदोष. कारण युनिक्स म्हणून एक वस्तू नव्हतीच. बर्कलीकडच्या घराण्यात स्मृतीतील मजकूर हलवण्याच्या फंक्शनचे नाव ‘बीकॉपी’, एटी अँड टीच्या घराण्यात ‘मेमकॉपी’. टर्मिनलशी बोलण्याच्या तऱ्हा तीन. सिस्टिम फाइव्हच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नाव १४ अक्षरांपलीकडे जात नसे, म्हणून लांब नावांच्या दोन फाइली एकमेकींवर पडण्याचे भय. शिवाय ईमॅक्स स्वतःची स्मृती गोठवून तिचाच चालता प्रोग्राम बनवीत असे. त्यासाठी त्या यंत्रावरील प्रोग्राम-फाइलीची अंतर्रचना ठाऊक असावी लागे. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ लिहावयास घेतले, त्यानंतर ही विचारपूस हळूहळू स्क्रिप्टकडे गेली. तोवर ती माणसाने करावयाची होती.

हा खटाटोप कटकटीचा होता, यात शंका नाही. पण त्यात एक अधिकार दडलेला होता, आणि त्याचे मोल येथे पुरेसे ओळखले गेले नाही. जो फाइल उघडून यंत्राचे नाव भरू शकतो, तो आठवा बिट छाटणारी ओळही शोधू शकतो. पुण्याच्या सी-डॅकने युनिक्स यंत्रांना जोडता येणारी जिस्ट टर्मिनले आणली, तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटवण्याची व्यवस्था टर्मिनलातच होती. अडचण उरली ती मधल्या प्रोग्रामची. तो आठही बिट न दुखावता पुढे पाठवतो का? ईमॅक्सच्या अठराव्या आवृत्तीत विदा सुरक्षित राही, पण ‘म’ऐवजी उलटी तिरपी रेघ आणि ३१४ हा अष्टमान आकडा दिसे. निदान ते दुरुस्त करावयास सोर्स हाती होता. व्हीआयचा सोर्स एटी अँड टीच्या परवान्यात अडकलेला. यंत्राबरोबर यावयाचा तो केवळ कंपाइल केलेला प्रोग्राम. ज्यांच्या लिपीला आठवा बिट हवा होता, त्यांच्या हाती ती ओळ नव्हती.

आज जुन्या युनिक्ससाठी लिहिलेले ते सशर्त तुकडे एडिटरांच्या सोर्समधून एकामागून एक काढले जात आहेत. ईमॅक्सच्या त्या दोन प्रकारच्या फाइली गेल्या. स्मृती गोठवण्याच्या जुन्या युक्तीऐवजी २०२० मध्ये यंत्रनिरपेक्ष पद्धत आली. व्हिममधून डॉसचा आधार गेला. सांभाळणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की जे यंत्र समोर नाही त्यावर चाचणी होत नाही, आणि चाचणी नसलेला कोड कुजतो. युक्तिवाद खरा आहे. जुन्या वास्तूची प्रत्येक भिंत राहत्या घरात उभी ठेवता येत नाही. पण पाडण्यापूर्वी नकाशा जपला पाहिजे, आणि तिकडे तो जपला गेला आहे. जुन्या आवृत्त्या, त्यांच्या बांधणीच्या सूचना, कोणत्या यंत्रावर काय अडते याच्या नोंदी आजही मिळतात. युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहातून २.११ बीएसडी घेऊन, पीडीपी-११ चे सोंग घेणाऱ्या ‘सिमएच’वर तो चालवता येतो. विष्णुपुरीतील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला वर मांडलेली वजाबाकी प्रत्यक्ष पडद्यावर पाहण्यास साधा लॅपटॉप पुरे.

मराठीच्या वाट्याला असा नकाशा आला नाही, ही खरी तक्रार. महाराष्ट्रभरच्या छापखान्यांत आणि कार्यालयांत वर्षानुवर्षे मजकूर टंकित झाला तो फॉन्टबद्ध संकेतांत, बंद प्रोग्रामांतून. तेथे क्रमांक अक्षराला नव्हे, अक्षराच्या तुकड्याला दिलेला. कधी काना वेगळा, कधी अर्धा ‘श’ वेगळा, आणि दर फॉन्टगणिक क्रम निराळा. तालुक्यातील एखादी स्मरणिका, एखाद्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक आज उघडू नये, यात काळाचा दोष थोडा आणि खरेदीचा अधिक. सरकारने आणि संस्थांनी मराठी सॉफ्टवेअर घेताना सोर्स मागितला नाही, बांधणीच्या सूचना मागितल्या नाहीत, निदान संकेतांचा तक्ता तरी मागावा हेही सुचले नाही. पुढच्या प्रत्येक निविदेत ही तीन कलमे असावीत, आणि त्यांची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा व्हावी. खर्च नगण्य आहे.

व्हीआयचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. परवान्याच्या अडसरामुळे इतरांनी तो नव्याने लिहिला: १९९० मध्ये एल्व्हिस, १९९१ मध्ये व्हिम, १९९४ मध्ये एनव्हीआय. मूळ व्हीआय मात्र २००२ च्या जानेवारीत मोकळा झाला, जेव्हा कॅल्डेरा कंपनीने प्राचीन युनिक्सचा सोर्स उदार परवान्याखाली खुला केला. गुनार रिटर यांनी जॉय यांचाच कोड घेऊन तो आधुनिक युनिक्सवर बेतला आणि त्यास बहुबाइटी अक्षरे वाचावयास शिकवले. यूटीएफ-८ मध्ये ‘मुखेड’ पंधरा बाइटांचे होते, आणि पंधराही बाइटांत आठवा बिट १ असतो. ते पंधराही आता त्या कोडमधून जसेच्या तसे पार होतात. उकार आणि मात्रा जागेवर बसवणे हे तेव्हाप्रमाणेच टर्मिनलचे काम आहे.