हॉगवर्ट्सच्या आधी ही पोरं कुठं शिकतात?

हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्समध्ये प्रवेश मिळतो अकराव्या वर्षी. सात वर्षांचा कोर्स. पाचव्या वर्षी एक मोठी परीक्षा, सातव्या वर्षी दुसरी, म्हणजे आपल्या दहावी-बारावीसारखंच. पण अकराव्या वर्षाआधी ही जादूगारांची लेकरं लिहाय-वाचायला कुठं शिकतात? पुस्तकात प्राथमिक शाळा दिसतच नाही. रॉनच्या घरी सात भावंडं, बाप मंत्रालयात नोकरीला. बहुतेक आईनंच शिकवलं असणार. त्या माउलीच्या कामाची नोंद कुठंच नाही.

विषय काढायचं कारण सांगतो. आमच्या तालुक्यात काही पोरं-पोरी मराठीत फँटसी लिहितायत. मोबाईलवर, रात्री जागून. मला वाचायला पाठवतात, कारण गावात लिहिणारा माणूस म्हटलं की पत्रकारच आठवतो. नकाशे काढतात, राजघराण्यांच्या वंशावळी, ड्रॅगनच्या जाती, काहींनी तर स्वतःची लिपी बनवलीय. मेहनत बघून छाती दडपते. पण शाळा आली की सगळ्यांचं एकच: एकतर जंगलातलं गुरुकुल, नाहीतर डोंगरावरचा किल्ला. एक दाढीवाले गुरुजी, एक निवडलेला पोरगा, बाकी सगळी गर्दी. आणि ही लिहिणारी पोरं स्वतः जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेतून वर आलेली! खिचडी खाऊन, एकाच खोलीत तिसरी-चौथी बसवून शिकलेली. ती शाळा त्यांच्या कुठल्याच जगात नाही.

कुणी म्हणेल, अहो दादा, गोष्ट आहे ती, तिथं पटसंख्या आणि बजेट कशाला घुसवता? पण गोष्ट तिथंच तर असते. पाचवं पुस्तक आठवा. जादू मंत्रालय आपली बाई शाळेत बसवतं, रोज भिंतीवर एक नवा आदेश लागतो आणि बचावाचा विषय नुसता पुस्तकातून वाचायचा, प्रात्यक्षिक बंद. (ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळेचं कुलूप फक्त तपासणीच्या दिवशी निघायचं, त्यांना यात कल्पना काय ते शोधावं लागेल.) प्रोफेसर ल्युपिन इतका चांगला शिक्षक, पण तो नरलांडगा आहे हे कळल्यावर पालक पत्रं पाठवतील म्हणून स्वतःच राजीनामा देतो. शेवटच्या पुस्तकात तर शाळेची हजेरी सगळ्यांना सक्तीची होते. वरवर किती छान! पण आत यायला रक्त शुद्ध असल्याचा पुरावा लागतो. आणि त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात शंभरावर घरगुती एल्फ राबतात, ज्यांना छडी हातात धरायला कायद्यानं बंदी. छडी म्हणजे त्या जगातली पाटी-पेन्सिलच की. आता हे आपल्याला कुणी समजावून सांगायला पाहिजे का?

म्हणून मी या पोरांना सांगतो, शाळेत काय शिकवतात ते नंतर ठरवा. आधी दारात कुणाला अडवतात ते ठरवा.

याबाबतीत मला उर्सुला ले ग्विन जास्त जवळची वाटते. तिचं 'अर्थसी'चं पहिलं पुस्तक 1968 चं, म्हणजे हॅरी पॉटरच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. त्यात रोक नावाच्या बेटावर जादूगारांची शाळा आहे. नायक गेड हा शेळ्या राखणारा, लोहाराचा पोरगा. त्याला पहिला मंत्र शिकवते त्याची मावशी, गावची चेटकीण. पण मोठ्या शाळेत बाईला प्रवेश नाही. तिची विद्या हलकी, ह्यांची ती खरी. ले ग्विन थोर यासाठी की तिला स्वतःच्याच जगातली ही गोष्ट पुढं खुपली. 1990 च्या 'तेहानू'त तिनं ती बाईच्या बाजूनं पुन्हा बघितली आणि 2001 च्या कथासंग्रहात दाखवलं की रोकची शाळा उभी करणाऱ्यांत बायकाच होत्या, त्यांना नंतर बाहेर काढलं. शाळेचा इतिहास कोण लिहितं, यावर यापेक्षा चांगली गोष्ट माझ्या वाचनात नाही.

त्या शाळेतली एक परीक्षा मला फार आवडते. शिक्षण संपल्यावर बाहेर पडायचं तर दारावरच्या गुरूचं खरं नाव सांगावं लागतं. गेड खूप डोकं खाजवतो, मंत्र-तंत्र, डावपेच, सगळ्याचा विचार करतो. शेवटी सरळ त्यालाच विचारतो, तुमचं नाव काय? गुरू सांगून टाकतो. पास! आपल्याकडं वर्गात प्रश्न विचारणारा पोरगा अजूनही आगाऊ ठरतो.

दुसरी गोष्ट पैशाची. किल्ल्याचं छत गळलं तर दुरुस्ती कुणाच्या खिशातून? 1882 साली हंटर कमिशनपुढं महात्मा फुल्यांनी हाच हिशोब मांडला होता. कर भरतो शेतकरी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरून शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपतं, हे त्यांना मान्य नव्हतं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. आता आमच्या पोरांच्या राज्यांकडं बघा. सगळीकडं झिरपण्याचाच कारभार. सोनेरी कळसाचं विद्यापीठ आहे, गावात धुळाक्षरं गिरवायला ओटा नाही. मग त्या विद्यापीठात पोरं येतात कुठून? राजवाड्यातूनच ना? लेखकानं ठरवलेलं नसतं, पण होतं तसंच.

आणि गुरुजी काय काय करतात तेही लिहा की. राज्यात शिरगणती आली तर घरोघरी कोण फिरतो? नव्या राजाच्या निवडीच्या दिवशी पेटीजवळ कोण बसतो? पोरांचा भात शिजला की नाही हे कोण बघतो? जादू शिकवायला उरलेल्या वेळात, हे सगळं करून थकलेला एक मास्तर मला कुणाच्या तरी कादंबरीत भेटला पाहिजे. तो दाढीवाल्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

परवा एका मुलीनं तिच्या जगाचं कॅलेंडर पाठवलं. अकरावीत आहे. आईबाप ऊसतोडीला जातात, तीही लहानपणी दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर फडावर जायची. वर्ग सुटायचे, परत यायची तेव्हा वर्ष संपत आलेलं असायचं. तिच्या राज्यात लोक थंडी पडली की मिठाच्या खाणींकडं जातात. तिनं शाळा चाकांवर ठेवलीय, बैल ओढतात. गुरुजी पुढच्या गाडीत, फळा मागच्या गाडीला बांधलेला, आणि खाणीजवळ मुक्काम पडला की वर्ग भरतो.

मी विचारलं, बैलांचा चारा कोण देतं? म्हणाली, तिथंच अडलंय सर, राजा नाही म्हणतोय.

हे पुढचं प्रकरण लवकर लिही म्हटलं. तुमच्यापैकी कुणी असं काही लिहीत असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. नकाशा नसला तरी चालेल, पण शाळेचा हिशोब जोडा.