घर पाहावे, मग पैसे मोजावे

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत. मुलांना परदेशी धाडणाऱ्या आजच्या पालकांना विचारले, तर ते म्हणतील, बांधण्याचे राहू द्या, एकदा भाड्याने घेऊन पाहा! जून-जुलैत प्रवेशाचे पत्र हाती पडते, व्हिसाची धावपळ सुरू होते आणि नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण एकच प्रश्न विचारू लागतो, ''अगं, पण तिथे राहणार कुठे?'' प्रश्न काळजीपोटीच येतो. पण माझे स्पष्ट मत आहे, की परदेशातील घरभाड्याच्या फसवणुकीला खतपाणी मिळते ते या प्रश्नामागच्या घाईतून.

मी अनेक वर्षे पुण्यात जर्मन शिकवते. साहजिकच जर्मनीला निघालेली मुले जाहिराती, पत्रे, करारनामे वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा पहिला क्रमांक लागतो. २०२३-२४ मध्ये ही संख्या ४९ हजारांवर गेली. घरे मात्र त्या वेगाने वाढलेली नाहीत. म्युनिकमध्ये १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी महिला खेळाडू जिथे राहिल्या, तिथे आज विद्यार्थी राहतात. तरीही त्या शहरात वसतिगृहाची खोली मिळायला काही सत्रे वाट पाहावी लागते. जिथे टंचाई, तिथे ठकसेन आलाच.

मुले मला दाखवतात ती फसवी पत्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. शहराच्या मध्यभागी दोन खोल्यांचे घर, सगळे सामान आत, आणि भाडे आसपासच्या घरांच्या निम्मे. मालक डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. नोकरीसाठी नुकताच लंडनला गेलेला. त्यामुळे घर दाखवायला कोणी नाही. अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे पाठवा, किल्ल्या कुरिअरने येतील, घर आवडले नाही तर पैसे परत! विश्वास बसावा म्हणून सोबत पासपोर्टची प्रत. ती प्रत बहुधा आधी फसलेल्या कुणाची तरी असते, आणि आपण आपली पाठवली की पुढच्या सावजाला तीच दाखवली जाते. आपल्याकडेही 'मी लष्करात आहे, बदली झाली' अशी बतावणी करून असेच आगाऊ पैसे उकळले जातात. सोंग तेच, फक्त पोशाख वेगळा.

या सोंगावर उतारा तिथल्या कायद्यातच आहे. जर्मनीत भाड्याचे दोन प्रकार असतात, 'थंड' आणि 'गरम'. पाणी, सफाई, घर उबदार ठेवण्याचा खर्च वगैरे धरून होते ते गरम भाडे. तो वगळून उरते ते थंड. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता देय होतो तो भाडेकरार सुरू होताना. म्हणजे करार नाही, किल्ली नाही आणि अनामत मात्र आधी, या मागणीला कायद्याचा आधार नाही. दुसरे असे, की दलालाला ज्याने नेमले त्यानेच त्याचे पैसे द्यायचे, असा नियम २०१५ पासून आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, आणि तिच्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. त्या दाखल्याचे जर्मन नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण शब्द पाठ करून जावा : 'वोनुंग्सगेबरबेष्टेटिगुंग'. 'हा दाखला देणार का?' या प्रश्नाला जो मालक बगल देतो, त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

यावर पालक म्हणतात, ''नुसते पाहायचे म्हणून थांबलो, तर घर दुसराच घेऊन जाईल.'' जाऊ द्यावे. हातचे घर गेले तर एक घर गेले. पैसे गेले तर परक्या शहरातले पहिले काही महिने उधारीवर काढावे लागतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी युवा वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे सोय करावी, तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा धरावा आणि घर तिथे गेल्यावरच शोधावे. वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेश पक्का होताच करावा. अगदीच निकड असेल, तर तिथे असलेल्या वरच्या वर्गातल्या मुलाला किंवा मराठी मंडळातल्या कुणाला घर पाहून यायला सांगावे. पण घर पाहिले म्हणजे भागले असेही नाही. चार दिवसांसाठी घेतलेले घर आपले म्हणून दहा जणांना दाखवायचे आणि प्रत्येकाकडून रोख रक्कम घेऊन पसार व्हायचे, असेही प्रकार होतात. म्हणून रोख देऊ नये. सहीचा करार आणि किल्ली हाती आल्यावरच खात्यात पैसे भरावेत. घाटातली 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आपण गाडीपुरतीच वाचतो, इतकेच.

एवढे करूनही कुणी फसले, तर? आपली घरे इथे फार कठोर होतात. ''एवढे शिकलास आणि असा कसा फसलास?'' या वाक्याच्या भीतीने मुले घरी काही सांगत नाहीत, पोलिसांतही जात नाहीत, आणि तो ठक पुढचा दरवाजा ठोठावायला मोकळा होतो. खरे तर पहिले काही तासच मोलाचे असतात. ताबडतोब बँकेला कळवावे. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि जर्मन पोलिसांकडेही द्यावी. पैसे परत मिळतीलच असे नाही, पण तक्रार नसेल तर ती आशाही नाही.

तेव्हा पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगी निघताना तिच्या हाती कायमचा पत्ता नसला तरी चालेल. चार आठवड्यांच्या राहण्याचे पैसे असावेत, आणि काही बिनसले तर पहिला फोन घरीच करावा एवढा विश्वास तिला वाटावा.