पत्त्यांचा खेळ काढताय? आधी 2019 ची ही तीन खोकी उघडून बघा



गेल्या महिन्यात वीकेंड बॅच संपली आणि एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी एक खोका काढला. मॅट लॅमिनेशन, झाकणावर सोनेरी फॉइल, आत भाज्यांची चित्रं असलेले 90 पत्ते. "सर, क्वालिटी बघा." क्वालिटी खरंच छान होती. अशा 500 खोक्यांचं कोटेशन होतं 1 लाख 80 हजार, आणि त्यासाठी एफडी मोडायची तयारी. मी विचारलं, हा खेळ आतापर्यंत कोण कोण खेळलंय? म्हणाल्या, "घरचेच. मुलं, आणि एकदा दीर-जाऊ आले होते तेव्हा."

मग त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. "तो जर्मनीचा अवॉर्डवाला पक्ष्यांचा खेळ आहे ना, तसा दिसायला हवा माझा."

तो खेळ म्हणजे विंगस्पॅन. ताईंना जे तिथे सांगितलं तेच आज तुम्हाला सविस्तर सांगतो, कारण असा खोका घेऊन येणाऱ्या त्या काही पहिल्या नाहीत.

आधी हे अवॉर्ड काय ते बघू. जर्मनीत 1979 पासून 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार देतात. निवड करतात खेळांवर लिहिणारे समीक्षक. रोख बक्षीस नसतं. उलट जिंकलेल्या प्रकाशकाला खोक्यावर ती प्रसिद्ध लाल सोंगटी छापायची असेल, तर तोच संस्थेला परवाना शुल्क भरतो! आणि आनंदाने भरतो, कारण ती सोंगटी बघून जर्मन कुटुंबं नाताळची खरेदी करतात. 2011 पासून थोड्या अवघड खेळांसाठी 'केनरश्पील' असा वेगळा विभाग आहे, जाणकारांसाठी म्हणा. 2019 साली मुख्य पुरस्कार 'जस्ट वन'ला मिळाला, जाणकारांचा विंगस्पॅनला. मुख्य पुरस्काराच्या अंतिम तिघांत 'लामा'ही होता, तो हरला. (तिसरा वेरव्योर्टर, त्याला मोबाईल ॲप लागतं, तो आज बाजूला ठेवतो.)

आता विंगस्पॅन. खोका उघडला की माणूस हरखतो. 170 पक्ष्यांचे पत्ते, प्रत्येक वेगळा, प्रत्येकावर हाताने काढलेलं चित्र. 75 छोटी रंगीत अंडी, लाकडी फासे, ते टाकायला पुठ्ठ्याचं पक्ष्यांचं दाणाघर. बघून वाटणारच की पैसा दिसण्यात आहे. पण खेळ रचणाऱ्या एलिझाबेथ हारग्रेव्ह यांची गोष्ट बघा. अमेरिकेत आरोग्य धोरणाच्या क्षेत्रात काम करणारी बाई, पक्षीनिरीक्षणाची आवड, आणि हा त्यांचा पहिलाच प्रकाशित खेळ. त्यांनी आधी काय केलं? शेकडो पक्ष्यांची एक्सेलसारखी यादी केली. कोण काय खातो, घरटं कसं बांधतो, पंखांचा पसारा किती. त्यावर खेळ उभा केला, लोकांना बसवून खेळवला, बदलला, पुन्हा खेळवला. यात काही वर्षं गेली. अंडी आणि दाणाघर आलं प्रकाशकाकडून, स्टोनमायर गेम्सकडून. छपाईची जोखीम त्याची.

आणि छपाईचं गणित त्या अनुभवी प्रकाशकालाही चकवून गेलं बरं का. 2019 च्या सुरुवातीला मागणी इतकी आली की माल पुरेना. गिऱ्हाईक चिडले, दुकानदार चिडले, आणि कंपनीच्या जेमी स्टेगमायर यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांचे आधी अनेक खेळ गाजलेत त्यांचा अंदाज चुकतो, तर आपला पहिल्याच खेपेला 500 चा आकडा कुठून आला? ताईंचा आला होता प्रेसवाल्याकडून. 500 च्या खाली रेट बसत नाही म्हणे. हा प्रेसचा हिशेब झाला. तुमच्या गिऱ्हाइकाचा नव्हे. (मी स्वतः एकदा याच हिशेबाने 1000 हिशेबवह्या छापल्या होत्या. त्यातल्या सातशे रद्दीत गेल्या. असो.)

जस्ट वनकडे या. माझ्या मते त्या वर्षीचा निकाल बरोबर होता. 110 पत्ते, प्रत्येकावर पाच शब्द, सात छोटे स्टँड आणि पुसता येणारी पेनं. एकाने डोळे मिटून शब्दाचा नंबर सांगायचा, बाकीच्यांनी त्याला तो शब्द ओळखता यावा म्हणून आपापल्या स्टँडवर एकेकच शब्द लिहायचा. गंमत पुढे आहे. दोघांनी सारखंच लिहिलं असेल तर दोन्ही शब्द रद्द, ओळखणाऱ्याला दिसतच नाहीत. समजा शब्द आहे 'आंबा'. तुम्ही मनात म्हणता, सोप्पंय, 'हापूस'. शेजारच्यानेही तेच लिहिलंय. गेलं! उरतो 'अढी' लिहिणारा, आणि बिचारा ओळखणारा शहरातला असेल तर त्याला अढी म्हणजे काय तेच माहीत नसतं. दोन मिनिटांत हशा सुरू. हरणं-जिंकणं सगळ्यांचं एकत्र, त्यामुळे आजीपासून नातीपर्यंत कोणी रुसत नाही.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हाच खेळ आधी 'वी आर द वर्ड' नावाने एका दुसऱ्या प्रकाशकाने काढला होता. रचनाकार तेच, ल्युडोविक रूदी आणि ब्रुनो सोत्ये. कल्पना तीच. त्या नावाने तो जगभर घराघरांत पोचला नव्हता. 2018 मध्ये बेल्जियमच्या रेपो प्रोडक्शनने नव्या नावाने आणला आणि पुढच्या वर्षी लाल सोंगटी. रेपोकडे 'सेव्हन वंडर्स'सारखा गाजलेला खेळ आधीपासून होता, म्हणजे दुकानात जागा होती, वितरक ओळखीचे होते. आपल्याकडे प्रकाशकाला खेळ देण्याची ही वाट अजून फारशी रुळलेली नाही, हे मान्य. पण माल चांगला असणं आणि तो शेल्फवर असणं या दोन वेगळ्या मेहनती आहेत. तुमच्या बजेटमध्ये दुसरीसाठी किती रक्कम आहे? ताईंच्या कागदावर तो रकानाच नव्हता.

आणि आता लामा, माझा लाडका. फक्त 56 पत्ते. 1 ते 6 आकडे आणि लामा प्राण्याचं चित्र, प्रत्येकी आठ. गुण मोजायला काळ्या-पांढऱ्या चकत्या. बस्स. वरच्या पत्त्याचाच आकडा किंवा त्याच्या पुढचा टाकायचा, 6 वर लामा, लामावर पुन्हा 1. टाकायला नसेल तर एक उचला, नाहीतर डावातून बाहेर पडा. हातात उरलेले पत्ते उणे गुण, पण 4 चे तीन असले तरी 4 एकदाच मोजायचा. लामा उरला तर 10. बाहेर पडू की अजून एक उचलू, सगळा थरार या एका प्रश्नात. बदाम सात आणि झब्बूवर वाढलेल्या माणसाला समजायला दोन मिनिटं पुरतात.

हा खेळ राइनर क्नित्सिया यांचा. गणितातली डॉक्टरेट, नावावर शेकडो खेळ. नामांकन जाहीर झाल्यावर हौशी खेळाडूंनी नाकं मुरडली, एवढा साधा खेळ कसा काय म्हणून. मला वाटतं, धंदा शिकायला बसलेल्याने तिन्हीतला हाच पहिल्यांदा बघावा. साध्या पत्त्यांचे आकडे खोडून तो उद्या सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात बनवता येतो. चित्रं काढून घेतली तरी चालतो. तुमचा खेळ चित्रांशिवाय चालतो का? पांढऱ्या कागदावर पेनने आकडे लिहून कंटाळवाणा वाटत असेल, तर फॉइल लावून तो कंटाळवाणाच राहणार, फक्त महाग.

"पण सर, इतकं साधं केलं तर कोणीही कॉपी करेल." हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. खरं सांगतो, करेल. आपल्या पेटंट कायद्याच्या (1970) कलम 3(एम) प्रमाणे खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. तुमची चित्रं आणि नियमपुस्तिकेतला मजकूर कॉपीराइटखाली येतो, नावाचा ट्रेडमार्क करता येतो. नियमांची कल्पना मात्र मोकळी. म्हणून कल्पना कपाटात लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लपवली की खेळून बघणारेही मिळत नाहीत, आणि चुका कळतात त्या 500 खोकी घरी आल्यावर.

ताईंना मी एवढंच म्हटलं, खोका पिशवीत ठेवा, घरी जाऊन साध्या कार्डशीटचे पत्ते कापा आणि तुम्हाला न ओळखणारी चार माणसं बसवा. तुम्ही बाजूला, तोंड बंद. नियम त्यांनी वाचायचे.

परवा त्यांचा फोन आला. शेजारच्या सोसायटीत तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी एका काकांनी डाव अर्ध्यात सोडून मोबाईल काढला. दुसऱ्या रविवारी 90 चे 60 पत्ते झाले, बाजारभावाचा जो नियम त्यांना सगळ्यात आवडायचा तोच काढावा लागला. तिसऱ्या रविवारी तेच काका म्हणाले, अजून एक डाव होऊन जाऊ दे. एफडी अजून बँकेतच आहे.