रेगेन्सबुर्गच्या चौकातील पांढरा आराखडा

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते सप्टेंबर २००६ मध्ये. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिथल्या विद्यापीठातल्या भाषणात एका बायझंटाइन सम्राटाचे इस्लामविषयीचे जुने, कठोर उद्गार सांगितले आणि मुस्लिम जगात संताप उसळला. त्यानंतर हे शहर आपल्या लेखी संपलेच. डॅन्यूब नदीच्या क्रूझमधून तिथे उतरताना मला तेच भाषण आठवत होते.

पर्यटकांची वाट ठरलेली. बाराव्या शतकातला दगडी पूल, त्याला लागून सॉसेजचे जुने दुकान (डुकराचे मांस, त्यामुळे आपला रांगेतला वेळ वाचतो), पुढे उंच मनोऱ्यांचे कॅथेड्रल. दुसऱ्या महायुद्धात जुने शहर बरेचसे वाचले, म्हणून हे सारे शाबूत आहे. जरूर पाहावे, फोटो काढावेत.

पण माझ्या मते खरा थांबा नॉयफारप्लात्स या चौकात आहे. मध्ययुगात इथे यहुदी वस्ती होती; सिनेगॉग होते, तालमूद शिकवणारी शाळा होती. हे लोक सम्राटाच्या संरक्षणाखाली राहत. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेने त्यांना शहर सोडायला लावले. सिनेगॉग पाडले, कबरस्तान उखडले. कबरींचे काही दगड विजयाची खूण म्हणून घरांच्या भिंतींत बसवले; ते आजही दिसतात. सिनेगॉगच्या जागी मरियमचे चॅपल उभे राहिले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. अल्पसंख्याकांची सुरक्षितता एका राजाच्या आयुष्यावर टांगलेली असली की काय होते, हे या चौकात उभे राहून समजते.

त्या परिषदेत आल्ब्रेख्त आल्टडोर्फर हा मोठा चित्रकारही होता. सिनेगॉग पाडण्याआधी त्याने त्याची चित्रे केली, खांब-कमानींसह, अगदी मन लावून. आणि एका चित्रावर लिहिले की ही इमारत ईश्वरी न्यायाने जमीनदोस्त झाली! शिक्षणाने, कलेने माणूस आपोआप सुधारतो असे आम्ही शिक्षक धरून चालतो. आल्टडोर्फरचे काय करायचे?

१९९५ पासून झालेल्या उत्खननात तिथले पाये सापडले. २००५ मध्ये इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी त्या सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये चौकातच मांडला. तो उघडाच आहे. लोक त्यावर बसतात, मुले खेळतात. मला हे आवडले. काचेआड ठेवले असते तर कोणी जवळ गेले नसते.

कॅथेड्रलच्या भिंतीवर मात्र यहुद्यांची विटंबना करणारे डुकरीणीचे शिल्प अजून आहे, जुन्या यहुदी वस्तीकडे तोंड करून. अशी शिल्पे काढावीत की माहितीफलक लावून ठेवावीत, यावर जर्मनीत वाद चालू आहे. माझे मत, ठेवावीत; पण फलक शिल्पाइतकाच ठळक हवा.

शहरात पुढे बांधलेले सिनेगॉगही नाझींनी १९३८ मध्ये जाळले. त्याच जागी २०१९ मध्ये, हकालपट्टीनंतर बरोबर ५०० वर्षांनी, नवे उघडले. आमच्या गाइडने चौकासाठी दहा मिनिटे दिली होती, सॉसेजच्या दुकानासाठी चाळीस.