दोन महिने तरी आईपाशी

मागच्या दत्तजयंतीला संध्याकाळी आमच्या घरात पिल्लू आलं. मुलांनी 'दत्तू' असं नावही ठरवून टाकलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "देवाचं नाव ठेवल्यावर त्याला 'हाड' कसं म्हणायचं गं?" मग पोट छान टुमटुमीत होतं म्हणून नाव पडलं ढब्बू. शेजारच्या काकूंनी तर "दत्ताच्या दिवशी कुत्रं दारात आलं, आता नाही म्हणायचं नाही," असा निकालच देऊन टाकला. खरं सांगायचं तर ते दारात आलं नव्हतं. मीच त्याला चार जिने चढून वर आणलं होतं.

आमच्या नारायण पेठेत आता वाडे फारसे उरले नाहीत. पण वाड्याच्या जिन्याखाली कुत्री व्यायची तशी ती आता इमारतीच्या पार्किंगमधल्या जिन्याखाली वितात, एवढाच काय तो फरक. भाद्रपदात रात्री बोळाबोळांतून कुत्र्यांचा गोंधळ चालतो आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकात, जिन्याखालून कुंई कुंई ऐकू येऊ लागतं. त्या वर्षी आमच्या तांबडीला पाच पिल्लं झाली. मोठी शहाणी कुत्री. पत्र्या मारुतीपासून लक्ष्मी रोडपर्यंत तिचा संचार, पण कुणाच्या अंगावर गेली नाही कधी.

पिल्लं महिन्याची झाली आणि सोसायटीत कुरकुर सुरू झाली. पार्किंग घाण होतं, गाडीखाली पिल्लू आलं तर कोण जबाबदार, वगैरे. आमचं महिला मंडळ अशा वेळी पुढे असतं. मी पदर खोचला. फोन केले, फोटो पाठवले आणि आठ दिवसांत चार पिल्लांना चार घरं मिळवून दिली. पाचवं माझ्याकडे. मंडळाच्या बैठकीत माझं कौतुक झालं आणि मलाही ते गोड लागलं. पाचही पिल्लं तेव्हा पस्तीस दिवसांच्या आतली होती, हे कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. उलट "लहान असतानाच नेलं म्हणजे माणसाळतं" असं मीच सगळ्यांना सांगत होते.

चौथ्या दिवशी ज्यांनी एक पिल्लू नेलं होतं त्या ताईंचा फोन आला. "अहो ताई, हे काही खात नाहीये. नुसतं कोपऱ्यात बसतंय." मी म्हटलं, "नवी जागा आहे, होईल सवय. थोडं दूध द्या." दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन, उलट्या होताहेत म्हणून. मी म्हटलं, "दूध पचलं नसेल, एक दिवस पोट रिकामं ठेवा." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने फोन केला. "मावशी, ते उठतच नाहीये."

त्याला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. त्याच दुपारी ढब्बूने फेसाळ उलटी केली.

यावेळी मात्र मी कुणाला फोन करत बसले नाही. टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षा केली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी कापसाच्या काडीवर शीचा नमुना घेतला, छोट्या पट्टीवर थेंब टाकले, दहाएक मिनिटांत दोन रेघा उमटल्या. पार्व्हो. आणि ज्या पोटाचं आम्ही कौतुक करत होतो ते? ते जंतांनी फुगलेलं होतं. आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातूनही पिल्लाला जंत होतात, म्हणून दोन आठवड्यांचं असल्यापासून ठरावीक अंतराने जंताचं औषध द्यायचं असतं. माझ्या गावीही नव्हतं हे.

मैत्रिणींनो, हा पार्व्हो काय आहे ते नीट समजून घ्या, कारण पिल्लू पाळणाऱ्या घरावर येणारं हे सगळ्यात मोठं संकट. हा विषाणू १९७८ च्या सुमाराला जगभर एकदम पसरला. आतड्याच्या आतल्या अस्तरावर तो हल्ला करतो, शरीरातल्या पांढऱ्या पेशी कमी करतो. आधी पिल्लू गप्प होतं, मग उलट्या, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब. पिल्लू मरतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी संपून आणि जंतुसंसर्ग होऊन. विषाणू मारणारी हुकमी गोळी आपल्या गावच्या दवाखान्यात मिळत नाही. सलाइन लावायचं, उलटी थांबवायची, दुसरा संसर्ग रोखायचा आणि पिल्लाला तग धरायला वेळ मिळवून द्यायचा. वेळेवर नेलं तर बरीच पिल्लं वाचतात. घरी ठेवली तर बहुतेक दगावतात.

ढब्बूला पाच दिवस सलाइन लागलं. मी रोज सकाळी त्याच्या इवल्याशा पायात सुई जाताना बघायची. रात्री दोन-दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात त्याच्या हिरड्या दाबून बघायची. मॅडमनी शिकवलं होतं, हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. उशीर लागला किंवा मुळातच पांढुरकी असली तर सकाळची वाट बघायची नाही. आमचे हे म्हणाले, "पोरांच्या तापातसुद्धा तू इतकी जागली नव्हतीस." खोटं आहे ते, पण असो.

पाचव्या दिवशी त्याने भात खाल्ला. आमच्या घरात अंडं येत नाही. सासूबाईंनी गॅलरीत वेगळं पातेलं मांडलं आणि स्वतः अंडं उकडून मऊ भातात कालवून दिलं. त्यावर मी काही बोलले नाही, त्याही नाही.

त्या पाच दिवसांत मी मॅडमना एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला असेन. पिल्लं आईपाशी राहिली असती तर वाचली असती का? त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही की दोषही दिला नाही. म्हणाल्या, पार्व्हो तिथेही होऊ शकला असता. पण तुम्ही काय केलं बघा. आईचं दूध एकदम तोडलं, गाईचं दूध सुरू केलं, ते बऱ्याच पिल्लांना पचत नाही. थंडीत भावंडांची ऊब काढून घेतली. जागा बदलली. पोटात जंत होतेच. हे सगळं एकाच आठवड्यात. शिवाय विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी जास्तही, जातात. म्हणजे वरवर ठणठणीत दिसणारी पिल्लं तुम्ही चार घरांत पोचवलीत आणि त्यांच्याबरोबर कदाचित आजारही.

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आपल्याला खरवस ठाऊक आहे, चीक ठाऊक आहे. व्यायल्यावर पहिल्या दिवशीचा चीक वासराला पाजलाच पाहिजे हे खेड्यातली म्हातारीही सांगेल. कुत्रीचंही तेच. त्या पहिल्या दुधातून पिल्लाला आईची रोगप्रतिकारक शक्ती मिळते आणि ती पुढे काही आठवडे पुरते. गंमत अशी की हीच आईची शक्ती अंगात आहे तोवर लसीचा परिणाम नीट होऊ देत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालू ठेवायचं. "एक इंजेक्शन झालंय की" म्हणून थांबणाऱ्या घरांतली पिल्लं याच मधल्या फटीत सापडतात. आणि हे डोस पुरे होईपर्यंत त्याला रस्त्यावर, उकिरड्यापाशी फिरवायचं नाही. घरी पाहुणे येतील, कडेवरून गॅलरी दाखवा, माणसांची सवय होऊ द्या, पण जमिनीवर बाहेर नाही.

आता माझं म्हणणं सरळ आहे. पिल्लू दत्तक घ्या, जरूर घ्या. विकतच्या परदेशी जातीपेक्षा बोळातलं घ्या. पण आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. ते दोन महिने पिल्लाला आपण सांभाळायचं नाही, त्याच्या आईला सांभाळायचं. तिला पोटभर खायला, पाण्याचं भांडं, खाली जुनं पोतं. पिल्लांना जंताचं औषध आणि पहिली लस तिथेच जिन्याखाली देता येते, डॉक्टरांशी बोलून. भावंडांशी मारामारी करताना एक जोरात चावतं, दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो, त्यातून किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू शिकतं. लवकर आणलेली पिल्लं पुढे घरातल्या मुलांचे हात फोडतात, मग "चावरं निघालं" म्हणून त्यांना परत रस्त्यावर सोडलं जातं. असं सोडलेलं कुत्रं मी आमच्या पेठेत दरवर्षी पाहते.

"अहो, पण रस्त्यावर मरतात त्याचं काय?" हे मला ऐकवलं जातं, आणि ते खरंच आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली होती. आणि त्या मृत्यूंत माणसांचा वाटा फार मोठा होता. आई गाडीखाली गेली असेल, पिल्लं भर रहदारीत असतील, तर दहा दिवसांचं असलं तरी उचला, ऊब द्या, डॉक्टरांना विचारून पाजा. पण आई धडधाकट आहे आणि केवळ सोसायटीला पार्किंग स्वच्छ हवंय म्हणून घाई करायची, याला भूतदया म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

तुमच्या तालुक्याच्या गावी कुत्र्यांचा वेगळा डॉक्टर नसेल, पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. गाई-म्हशींच्या रांगेत पिल्लू घेऊन उभं राहायला लाजू नका. आमच्याकडे औंधच्या सरकारी चिकित्सालयात बैलही येतात आणि पामेरियनही. लस मात्र डॉक्टरांकडूनच टोचून घ्या. ती फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत राहिली नाही तर निकामी होते, आणि एसटीच्या पिशवीतून दोन तास आलेली बाटली टोचणं म्हणजे नुसतं पाणी टोचणं.

आणखी एक, खास आपल्या अखत्यारीतलं. आजारी पिल्लू गेलं किंवा बरं झालं की आपण घर फिनेलने धुऊन काढतो. फिनेलने पार्व्हो जात नाही बरं का. तो घरात कित्येक महिने तग धरतो. ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी पुसा, दहाएक मिनिटं ओली राहू द्या, पोतं-गादी जाळून टाका. आणि त्या घरात लस न झालेलं नवं पिल्लू लगेच आणू नका. ज्या मुलाचं पिल्लू गेलं त्याच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तो आता नवीन नकोच म्हणतोय." घरातली तापाची, अंगदुखीची गोळीही पिल्लाला देऊ नका. आपल्याला उतारा पडतो ती गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर पिल्लाचे दुधाचे दात लागले, नखाचा ओरखडा आला, तरी "एवढंसं तर आहे" म्हणू नका. रेबीज पिल्लालाही होतो. साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. हळद नाही, चुना नाही, मिरचीपूड तर नाहीच. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालणाऱ्या आज्या अजून आहेत, पण ते दिवस गेले. आता दंडात मोजकी घ्यावी लागतात, फक्त ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, अकरा दिवसांत ते बदललेही, आणि आमच्या जिन्यात दोन तट पडले. मी दोन्ही बाजूंना एकच सांगितलं. तांबडीची नसबंदी पिल्लं तोडल्यावर लगेच करून घेतली असती तर ही भांडायची वेळच आली नसती. ती उशिरा झाली, पण झाली. महापालिकेची गाडी नेऊन परत आमच्याच बोळात सोडून गेली, कानाला खाच पाडून. ढब्बू तिला गॅलरीतून बघतो. ओळखतो की नाही कोण जाणे.

यंदा कार्तिकात पलीकडच्या इमारतीत एक काळी कुत्री व्यायली. चार पिल्लं. मी वहीत विण्याची तारीख लिहिली, पुढे जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा. सोसायटीच्या अध्यक्षांना जाऊन दोन महिने मागून घेतले, रोज सकाळी पार्किंग झाडून द्यायच्या बोलीवर. परवा एका वहिनींचा फोन आला. नातवाचा वाढदिवस रविवारी आहे, पिल्लू आत्ताच हवंय, सरप्राइज द्यायचंय. मी वही उघडून तारीख बघितली आणि म्हटलं, "वहिनी, संक्रांत झाल्यावर या. आणि येताना नातवालाही घेऊन या."